इंग्रजी फ्रेजल व्हर्ब जर्मनमध्ये कशी न्यायची?

शब्दफेरी (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार.

मी पुण्यात जर्मन शिकवते. वर्गात येणारी बहुतेक मुलं घरी मराठी बोलतात, पण शिकलेली इंग्रजीतून. त्यामुळे जर्मन वाक्य करायचं म्हटलं की त्यांच्या डोक्यात आधी इंग्रजी वाक्य उभं राहतं आणि मग त्याचा एकेक शब्द जर्मनमध्ये उतरवला जातो. ए-१, ए-२ या सुरुवातीच्या पातळ्यांना हे चालून जातं. बी-१ या मधल्या पातळीला आलं की घोडं अडतं, आणि दरवेळी त्याच जागी अडतं: गिव्ह अप, टर्न डाउन, ब्रेक डाउन, पुट अप विथ, रन आउट ऑफ. हीच ती फ्रेजल व्हर्ब, साध्या क्रियापदाला अप, डाउन असं काही जोडून अर्थच बदलणारी. यावर मराठीतून मोकळेपणी बोलावं म्हणून हा धागा.

मुलांची समजूत अशी असते की इंग्रजीत क्रियापदापुढे अप, आउट, ऑफ लागतं आणि जर्मनमध्ये क्रियापदामागे आउफ, आउस, आब लागतं, म्हणजे हिशेब सोपा. ही समजूत उगाच झालेली नाही. दोन्ही भाषा एकाच घरातल्या, अप आणि आउफ हे शब्द मुळात एकाच कुळातले. स्टँड अप म्हणजे आउफश्टेएन, वेक अप म्हणजे आउफवाखन, गिव्ह अप म्हणजे आउफगेबन. तीन जुळले की चौथं कुणी तपासून बघत नाही.

चौथं घ्या. 'दुकान लॉक अप कर' याचं आउफश्लीसन केलंत तर जर्मन माणूस कुलूप उघडेल, कारण तिथे आउफ म्हणजे उघडणं. कुलूप लावायला आबश्लीसन. 'रविवारी मी स्लीप इन करतो' याचं शब्दशः आयनश्लाफन होतं, पण त्याचा अर्थ झोप लागणं. रविवारी उशिरापर्यंत मनसोक्त झोपणं म्हणजे आउसश्लाफन, आणि गजर ऐकू न येऊन उशीर झाला तर फेरश्लाफन. एका 'श्लाफन'भोवती तीन उपसर्ग, तीन वेगळ्या सकाळी.

आता ब्रेक डाउन बघू, कारण सगळी अडचण या एका क्रियापदात एकत्र सापडते. इंग्रजीत गाडी ब्रेक डाउन होते, वाटाघाटी होतात, माणूस होतो, सर्व्हर होतो. खर्च ब्रेक डाउन करून दाखवतात, पोलीस दार ब्रेक डाउन करतात आणि यकृत दारू ब्रेक डाउन करतं. जर्मनमध्ये गाडीला 'पाने' होते किंवा ती 'लीगन ब्लायबन', म्हणजे रस्त्यात पडून राहते. वाटाघाटी 'शायटर्न' होतात. माणूस 'त्सुझामनब्रेशन' होतो, म्हणजे कोसळतो. सर्व्हर 'आउसफालन' होतो. खर्चाची फोड करणं 'आउफश्ल्युसेल्न', आणि या शब्दात 'श्ल्युसेल' म्हणजे किल्ली बसलेली आहे. दार 'आयनट्रेटन' करतात, लाथेने. यकृत दारू 'आबबाउअन' करतं, बांधलेलं उतरवावं तसं. सात जागा, सात क्रियापदं, आणि मूळ 'ब्रेक'चा 'ब्रेशन' त्यातल्या फक्त एकात.

या सातांपैकी कोणतं घ्यायचं हे ब्रेक डाउनकडे कितीही वेळ टक लावून बघितलं तरी कळत नाही. ते कळतं गाडी, वाटाघाटी, माणूस, खर्च यांच्याकडे बघून. म्हणून माझं वर्गातलं पहिलं सांगणं असतं की क्रियापदावर बोट ठेवा आणि उरलेलं वाक्य वाचा. काय बिघडलं, काय नाकारलं, काय सोडलं? जर्मन क्रियापद त्या नामाच्या हाताला धरून येतं. टर्न डाउनचंच बघा. नोकरीचा प्रस्ताव 'आबलेनन' होतो, गाण्याचा आवाज 'लायझर' करतात, हीटर 'रुंटरड्रेएन' करतात, आणि एखाद्याच्या प्रेमाला नकार द्यायचा तर त्याला 'आयनन कोर्ब गेबन', म्हणजे चक्क टोपली देतात.

उलट्या दिशेनेही जाऊन बघा. गिव्ह अपला आउफगेबन बरोबर आहे: सिगारेट सोडली, प्रयत्न सोडला. पण बसमध्ये म्हाताऱ्या बाईंना जागा गिव्ह अप केली तर ती 'युबरलासन', आणि गुन्हेगाराने स्वतःला पोलिसांच्या हवाली केलं तर तो 'झिश श्टेलन'. तिकडे जर्मन माणूस मात्र विमानतळावर बॅग आउफगेबन करतो, पोस्टात पार्सल आउफगेबन करतो, पेपरात जाहिरात आउफगेबन करतो, आणि शिक्षक गृहपाठ आउफगेबन करतात. यातल्या कशातही सोडून देणं नाही. 'आउफगाबे' हे नाम आपण पहिल्या धड्यात 'प्रश्न, काम' म्हणून शिकतो. मग जर्मनीतल्या एखाद्या दुकानाच्या काचेवर 'गेशेफ्ट्सआउफगाबे' अशी पाटी दिसते आणि त्याचा अर्थ असतो धंदा बंद करतोय, माल काढून टाकतोय.

दुसरं सांगणं: कोण कुणाला बोलतंय ते बघा. पुट अप विथला शब्दकोशात पाच-सहा प्रतिशब्द मिळतात. शेजारच्या बांधकामाचा आवाज असेल तर 'आउसहाल्टन' किंवा 'एरट्रागन', सहन करणं. कुणी अपमान केला आणि तुम्ही ठणकावताय की हे खपवून घेणार नाही, तर 'दास लासे इश मीर निश्ट गेफालन'. नशिबात आलेलं निमूट स्वीकारलं तर 'झिश आबफिंडन'. आणि नोकरी चांगली आहे म्हणून रोजचा दीड तासाचा प्रवास चालवून घेतला तर 'इन काउफ नेमन', शब्दशः खरेदीत धरून घेणं. हे चार शब्द एकमेकांच्या जागी टाकले तर वाक्य व्याकरणात बसतं पण बोलणारा माणूसच बदलून जातो.

तुम्हाला आलेले अनुभव, अडलेली क्रियापदं, मतभेद, सगळं येऊ द्या.

---

बी१ची_तयारी

ताई, फार उपयोगी धागा. एक शंका. आमच्या क्लासमध्ये असं सांगतात की फ्रेजल व्हर्ब आली की आधी तिचा एका शब्दातला जड इंग्रजी पर्याय शोधा, मग जर्मन करा. म्हणजे पुट ऑफचं पोस्टपोन, मग 'फेरशीबन'. हे बरोबर का?

---

शब्दफेरी

अर्थ नक्की करायला ही युक्ती चांगली, आणि पुट ऑफच्या बाबतीत तर फेरशीबन साध्या आणि जड, दोन्ही बोलण्यांत चालतं. अडचण पुढे येते. जड पर्याय घेतला की बोलण्याचा पोतही जड होतो. पुट अप विथचं टॉलरेट केलं की हात आपोआप 'टोलेरीरन'कडे जातो, आणि घरातल्या भांडणात कुणी टोलेरीरन म्हणत नाही. शिवाय पुट ऑफचा दुसरा अर्थ आहेच: 'त्या वासानेच मला पुट ऑफ झालं'. तिथे 'आबश्रेकन' लागेल. तेव्हा एका शब्दाचा पर्याय अर्थापुरता वापरा आणि तिथेच सोडा.

---

कोथरूडकर

धागा आवडला. दोन गोष्टी मांडतो.

पहिली आपल्या मराठीतली. 'लागणे' हे क्रियापद घ्या. भूक लागली, झोप लागली, ठेच लागली, आग लागली, नोकरी लागली, निकाल लागला, वेळ लागला, पोरगा कामाला लागला, म्हातारीला लेकीची आस लागली. कुणा परदेशी माणसाने विचारलं की लागणे म्हणजे काय, तर एका शब्दात सांगता येईल का? तरी आपण मराठी माणसं एकदाही गोंधळत नाही, कारण आपण 'लागणे' कधी सुटं ऐकतच नाही. भूक, आग, नोकरी यांच्यासकटच ते कानात शिरतं. शब्दफेरी ताई म्हणतात ते नामाच्या हाताला धरून येणं हेच. जर्मन शिकणाऱ्याने वहीत ब्रेक डाउनसमोर सात शब्द लिहून पाठ करू नयेत. 'गाडी रस्त्यात बंद पडली', 'बोलणी फिसकटली' अशी अख्खी वाक्यं लिहावीत.

दुसरी संस्कृतातली. शाळेत हा श्लोक बऱ्याच जणांनी म्हटला असेल:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूच्या अर्थाला बळाने दुसरीकडे ओढून नेतो. धातू एकच, हृ. प्र लावला की मारणं, आ लावला की खाणं, सम् लावला की नाश, वि लावला की हिंडणं. जर्मन 'गेबन'चं कुटुंब याच्या शेजारी ठेवा. आउसगेबन खर्च करणं, त्सूगेबन कबूल करणं, आनगेबन बढाई मारणं, नाखगेबन माघार घेणं, फेरगेबन क्षमा करणं. 'बलात्' हा शब्द श्लोककर्त्याने फार नेमका योजला आहे.

आणि जर्मनमध्ये उपसर्ग क्रियापदापासून सुटून लांब जाऊन पडतो, हेही आपल्याला परकं नाही. लौकिक संस्कृतात उपसर्ग धातूला चिकटूनच येतो, पण वेदात तसं बंधन नाही. पाणिनीने आधी 'ते प्राग्धातोः' म्हणजे उपसर्ग धातूच्या आधी यावेत असं सांगून लगेच पुढच्या दोन सूत्रांत सूट दिली: 'छन्दसि परेऽपि' आणि 'व्यवहिताश्च'. वेदात ते धातूनंतरही येतात आणि मध्ये इतर शब्द घालूनही येतात. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या सूक्तात 'उप त्वाग्ने दिवेदिवे' अशी ऋचा सुरू होते आणि त्या 'उप'चं क्रियापद 'एमसि' थेट शेवटी येतं. जर्मनमध्ये क्रम उलटा, क्रियापद आधी आणि उपसर्ग वाक्याच्या टोकाला. तरी ज्याने अग्निसूक्त अन्वय लावून वाचलंय त्याला 'इश रूफे डिश मोर्गन आन' (मी तुला उद्या फोन करेन, क्रियापद आनरूफन) बघून दचकायचं कारण नाही.

---

दुभाषी_डेस्क

कोथरूडकर, श्लोकाबद्दल धन्यवाद. टोकाला जाणाऱ्या उपसर्गाचा त्रास सगळ्यात जास्त आम्हा दुभाष्यांना होतो. 'एर गिब्ट दास गेल्ट, दास एर फोन झायनम ओंकल बेकोमन हाट...' इतकं कानावर आलंय. काकाकडून मिळालेले पैसे तो... काय करतो? शेवटी 'आउस' आलं तर उडवतो, 'त्सुर्‍युक' आलं तर परत करतो. तोंड उघडायचं की थांबायचं हा निर्णय त्या अर्ध्या सेकंदात घ्यावा लागतो. १९४५ साली न्यूरेम्बर्गचा खटला इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी चालला, तेव्हा तिथल्या दुभाष्यांपुढे हीच अडचण होती. बोलणाऱ्याला सावकाश बोला असं सांगायला पिवळा दिवा आणि थांबा सांगायला लाल दिवा बसवलेला असे.

इंग्रजीतून जर्मनकडे जाताना मात्र याच रचनेचा फायदा होतो. वाक्य सुरू करून 'गेबन' टाकून ठेवायचं आणि बोलणाऱ्याचा रोख कळला की शेवटी योग्य उपसर्ग जोडायचा.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, मूळची सांगलीची, आता जर्मनीत. आमच्याकडच्या बऱ्याच मुली सध्या या कामासाठी जर्मन शिकताहेत म्हणून मुद्दाम लिहितेय. नर्सिंगची मान्यता मिळवायला साधारणपणे बी-२ लागतं, आणि बी-२च्या पुस्तकात नसलेली क्रियापदं वॉर्डात पहिल्याच दिवशी कानावर पडतात. रुग्णाला काय होतंय हे त्या एका उपसर्गावर ठरतं, त्यामुळे यात ढिलाई चालत नाही.

ड्यूटी बदलताना आपण इंग्रजीत हँड ओव्हर म्हणतो, त्याला इथे 'युबरगाबे'. क्रियापद युबरगेबन, सोपवणं. पण त्यात 'झिश' आलं की 'झिश युबरगेबन' म्हणजे उलटी होणं. 'फ्राउ अमुक हाट झिश युबरगेबन' हे ऐकून बाईंनी काय सोपवलं असा विचार करत बसलात तर भांडं न्यायला उशीर होतो. म्हणजे थ्रो अपचा इथला सभ्य शब्द हा. कागदावर 'एरब्रोखन' लिहितात. आणि रुग्ण स्वतः बहुतेक वेळा म्हणतो, 'मीर इस्ट श्लेश्ट, इश मुस ब्रेशन'. ब्रेशन म्हणजे मोडणं हे आपण शिकलेलो असतो. 'इश हाबे मीर डेन आर्म गेब्रोखन' म्हणजे हात मोडला. 'इश हाबे गेब्रोखन' एवढंच असेल तर उलटी झाली. मधला 'मीर डेन आर्म' ऐकू आला की नाही, यावर आपण एक्स-रेकडे धावतो की भांड्याकडे हे ठरतं.

पास आउटला नातेवाईक 'उमकिपन' म्हणतात, कलंडणं. डॉक्टर 'कोलाबीरन' म्हणतात, पुस्तकात 'ओनमेश्टिश वेर्डन' असतं. तिन्ही ओळखता यायला हवीत, बोलताना शेवटचं वापरलं की पुरतं. शुद्धीवर येणं 'त्सू झिश कोमन'. औषधाचा असर वेअर ऑफ होतो त्याला 'दी विर्कुंग लेस्ट नाख'. हे शेवटचं रात्री दोन वाजता सगळ्यात जास्त ऐकते.

आबनेमन हा आणखी एक. रक्त काढणं 'ब्लूट आबनेमन', पट्टी काढणं 'फेरबांट आबनेमन', आणि 'इश हाबे फ्युन्फ किलो आबगेनोमन' म्हणजे पाच किलो वजन उतरलं. इंग्रजीत या तिन्हींना वेगळी क्रियापदं, जर्मनमध्ये एक. म्हणून 'आबगेनोमन' ऐकलं की रक्त, पट्टी की किलो, तेवढं पकडायचं.

पास अवेबद्दल जरा जास्त लिहिते. नोंदीत 'फेरश्टोर्बन' लिहायचं. नातेवाइकांशी बोलताना 'एर इस्ट आयनगेश्लाफन' असं पुष्कळ जण म्हणतात, शब्दशः झोपी गेला. पण घरचे घाबरलेले असताना, दुरून फोनवर बोलत असताना हा शब्द मी वापरत नाही. ऐकणाऱ्याला खरंच झोप लागली असं वाटू शकतं, आणि मग तीच बातमी त्याला दुसऱ्यांदा सांगावी लागते. तिथे साधं 'गेश्टोर्बन' म्हणावं, हळू आवाजात, आणि नंतर गप्प बसून त्यांचं ऐकावं.

---

शब्दफेरी

रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. 'मीर डेन आर्म'चं उदाहरण एकदा ऐकलं की कुणी विसरणार नाही. कोण कुणाला बोलतंय हा मुद्दा मी वर दोन ओळींत उरकला होता, तुम्ही तो कुठवर जातो ते दाखवलंत.

---

पानोपानी

चर्चा छान चाललीय, पण एका ठिकाणी मला वेगळं म्हणायचं आहे. मी कथा-कादंबऱ्यांची भाषांतरं करते. अर्थ धरा आणि इंग्रजी चित्र सोडून द्या हा सल्ला पत्रव्यवहाराला, वॉर्डाला, परीक्षेला योग्य आहे. ललित लेखनात मात्र चित्र हाही अर्थच असतो.

लेखकाने 'टाइम रॅन आउट' लिहिलं तेव्हा त्याला 'वेळ संपली' एवढंच सांगायचं असेल तर काहीही चालेल. पण आधीच्या पानभर माणसं धावत असतील तर ते 'रन' वाया घालवता येत नाही. सुदैवाने जर्मनमध्ये 'दी त्साइट लीफ उन्स डाफोन' आहे. वेळ आमच्यापासून पळून चालली. पाय शिल्लक राहिले. 'पुल युवरसेल्फ टुगेदर'लाही असंच नशीब लाभलंय, 'राइस डिश त्सुझामन'. इंग्रजीत स्वतःला ओढून एकत्र आणायचं, जर्मनमध्ये हिसडा देऊन. पण तेच अनोळखी माणसाला 'झी', म्हणजे आदरार्थी 'तुम्ही', लावून म्हटलं तर फार उर्मट वाटतं. 'चिअर अप'ला तर क्रियापदच नको. 'कोप्फ होख', मान वर.

सगळ्यात कठीण जागा म्हणजे लेखक एकाच क्रियापदाच्या दोन्ही अर्थांवर एकदम पाय ठेवतो ती. समजा वाक्य असं आहे की तिने आधी गाण्याचा आवाज टर्न डाउन केला आणि मग त्याची मागणी. शब्दफेरी ताईंच्या नियमाने इथे दोन नामं, म्हणून दोन क्रियापदं, लायझर माखन आणि आबलेनन. अर्थ पोचला, पण वाक्यातली धार गेली. मी असं करून बघितलं: 'झी ड्रेटे दी मुझीक लायझर उंट ईम डेन र्‍युकन त्सू'. एकच 'ड्रेटे'. गाणं हळू केलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. नकार हा शब्द गेला, त्याच्या जागी पाठ आली, पण एका क्रियापदावर दोन गोष्टी तोलण्याची मूळ गंमत राहिली. उपसर्ग सुटे होऊन शेवटी जातात म्हणूनच हे जमलं. दुभाषी_डेस्क ज्या रचनेने हैराण होतात तिचेच मी इथे आभार मानते.

---

शब्दफेरी

पानोपानी, तुमचं 'र्‍युकन त्सू' फार आवडलं. परीक्षेच्या वहीत मी 'आबलेनन' मागेन आणि कादंबरीत तुमचंच वाक्य वाचायला मागेन. तुम्हीही शेवटी मागणीचं काय झालं हे न सांगता त्या बाईने काय केलं ते सांगितलंत. म्हणजे क्रियापदावरून नजर काढून प्रसंगाकडे नेलीत. इथे आपण जवळच आहोत.

---

नेकारकाठ

मी स्टुटगार्टकडे सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या धंद्यात अर्धी फ्रेजल व्हर्ब भाषांतर न होता तशीच घुसतात, आणि घुसल्यावर जर्मन व्याकरण त्यांना आपले नियम लावतं. लॉग इनचं 'आयनलोगन' झालं आणि मग 'इश लोगे मिश आयन', म्हणजे ते तुटून वाक्याच्या शेवटी जायलाही लागलं. अपडेट केलेलं म्हणजे 'अपगेडेटेट', मध्ये चक्क जर्मन भूतकाळी रूपाचं 'गे' बसवून. डाउनलोडला 'डाउनगेलोडेट' आणि 'गेडाउनलोडेट' दोन्ही कानावर पडतात. लेखी कागदपत्रांत मी 'हेरुंटरलाडन' आणि 'आनमेल्डन' वापरतो, ते सगळ्यांना चालतं. सेट अपला 'आयनरिश्टन', बॅक अप घेण्याला 'झिशर्न', शट डाउनला 'हेरुंटरफारन'.

या हेरुंटरफारनचा प्रवास बघण्यासारखा आहे. संगणक बंद करण्याचा शब्द, पण २०२० मध्ये करोनाच्या काळात देशाचं सार्वजनिक जीवनच हेरुंटरफारन करायचं आणि नंतर होखफारन करायचं अशी भाषा राजकारणी रोज बोलत होते. रोल आउटचं 'आउसरोलन' झालं, जे आधी कणीक लाटायला वापरायचे. ब्रेक डाउनचं 'हेरुंटरब्रेशन' आता मीटिंगमध्ये ऐकू येतं, आकडे विभागवार फोडून दाखवण्यासाठी. भाषेची काळजी घेणारे त्यावर नाराज असतात. मला विचाराल तर 'आउफश्ल्युसेल्न' हाताशी असताना त्याची गरज नाही.

आणि एक, जे शब्दकोशातून पटकन उमगत नाही. फेज आउट. 'न्यूक्लिअर फेज आउट'ला जर्मनमध्ये 'आटोमआउसश्टीग', क्रियापद 'आउसश्टायगन'. ट्राममधून उतरताना जे म्हणतात तेच. देश अणुऊर्जेतून उतरला. शेवटची तीन केंद्रं १५ एप्रिल २०२३ला बंद झाली, त्यातलं एक इथलंच, नेकारवेस्टहाइम. फेज आउटमधला 'टप्प्याटप्प्याने' हा भाग जर्मन शब्दात नाही. टप्पे सांगायचे असतील तर वेगळे सांगावे लागतात. उलट एखादं जुनं मॉडेल कंपनी हळूहळू फेज आउट करते तिथे 'आउसलाउफन लासन', धावून धावून थांबू देणं, आणि त्यात तो सावकाशपणा आहे. बातमीत एक, कारखान्यात दुसरं.

---

कोथरूडकर

नेकारकाठ, उत्तम. 'देश उतरला' हे डोक्यात बसलं.

---

अंगणवेल

सगळं वाचून काढलं. मला एक वेगळी वाट सुचवायची आहे. मी बर्लिनमध्ये मराठी मुलांना घरी जर्मन शिकवते, आणि त्यांना सांगते की इंग्रजीवरून जाऊच नका, थेट मराठीतून या. बऱ्याच ठिकाणी मराठी आणि जर्मन वाक्यांची बांधणी एकसारखी आहे, आणि इंग्रजी फ्रेजल व्हर्ब मध्ये येऊन ती झाकून टाकते.

इंग्रजीत 'आय रॅन आउट ऑफ मनी'. कर्ता मी. जर्मनमध्ये 'मीर इस्ट दास गेल्ट आउसगेगांगन'. कर्ता पैसे, मी नुसता चतुर्थीत. मराठीत 'माझे पैसे संपले'. आपलेही पैसेच कर्ता. 'वी रॅन आउट ऑफ मिल्क'ला घरात 'दी मिल्श इस्ट आले', दूध संपलं. मुलांना रन आउट ऑफ विसरायला लावलं की वाक्य आपोआप सरळ येतं.

'कम अप विथ' घ्या. 'आय कान्ट कम अप विथ एनीथिंग'. जर्मन 'मीर फेल्ट निश्ट्स आयन', मराठी 'मला काही सुचत नाही'. 'मीर' म्हणजे 'मला', जागच्या जागी. 'मीर इस्ट आउफगेफालन' म्हणजे 'माझ्या लक्षात आलं'. इंग्रजीत मी नोटिस करतो, पुढाकार माझा. मराठीत आणि जर्मनमध्ये ती गोष्ट आपल्याकडे येते. 'हँग अप'ला 'आउफलेगन', फोन ठेवणं. इंग्रज टांगतो, जर्मन आणि आपण ठेवतो.

हे सगळीकडे जमत नाही हे उघड आहे. सुटा होणारा उपसर्ग आपल्या रोजच्या मराठीत नाही, तो शिकावाच लागतो. पण 'मला सुचलं, मला आवडलं, मला आठवलं' हे ज्याच्या तोंडी जन्मापासून आहे त्याने जर्मन चतुर्थीसाठी इंग्रजीचा आधार घ्यावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

शब्दफेरी

अंगणवेल, तुमचा प्रतिसाद वाचून खरोखर आनंद झाला. आजवर मी वर्गात इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहून सुरुवात करत आले. पुढच्या तुकडीला मराठी वाक्यं देणार. 'सुचणे' आणि 'आयनफालन' शेजारी शेजारी लिहिले की चतुर्थीचा अर्धा धडा तिथेच होतो.

---

बी१ची_तयारी

ताई, अंगणवेल ताई, मी दोन वाक्यं करून बघितली, तपासाल का?

पहिलं पत्राच्या शेवटचं, 'तुमच्या उत्तराची वाट पाहतोय', ज्याला इंग्रजीत लुकिंग फॉरवर्ड टू म्हणतात. मी लिहिलं: 'इश फ्रॉये मिश युबर ईरे आंटवोर्ट'.

दुसरं सरळ मराठीतून: 'मला काही निमित्त सुचेना, म्हणून मी फोन ठेवला'. मी लिहिलं: 'मीर फील कायने आउसरेडे आयन, आल्झो लेग्टे इश आउफ'.

---

शब्दफेरी

पहिल्यात 'युबर'च्या जागी 'आउफ' हवं: 'इश फ्रॉये मिश आउफ ईरे आंटवोर्ट'. जे अजून यायचं आहे त्याला आउफ, जे हातात आलं त्याला युबर. तुमच्या वाक्याचा अर्थ होतो की उत्तर मिळालं आणि आनंद झाला. पत्र जास्त औपचारिक असेल तर 'युबर आयने बाल्डिगे आंटवोर्ट व्युर्डे इश मिश फ्रॉयन' असं लिहितात. तिथे युबर चालतं, कारण 'व्युर्डे'मुळे अर्थ 'उत्तर आलं तर आनंद होईल' असा होतो.

दुसरं पूर्ण बरोबर. उपसर्ग दोन्हीकडे आपापल्या जागी गेलेत. गोष्ट लिहीत असाल तर असंच ठेवा. मित्राला सांगत असाल तर बोलण्यातला भूतकाळ घ्या: 'मीर इस्ट कायने आउसरेडे आयनगेफालन, आल्झो हाबे इश आउफगेलेग्ट'. आयनफालनला 'इस्ट', आउफलेगनला 'हाबे', तेवढं तोंडी परीक्षेत सांभाळा.